हट्टी बुरशी आणि थंडीचा उपचार



आम्ही बँकेत कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. तरीही आरोग्यावर बोलायला उभे राहिलो, त्याला घरचे कारण आहे.

कोकणातल्या आमच्या काकांच्या पायात शेतात काटा मोडला. तिथे चामखिळीसारखी गाठ आली आणि वर्षावर्षाने पसरत गेली. लाजेपोटी काका पाय झाकून ठेवत. लेप झाले, दुकानातली मलमे झाली. अखेर आम्ही त्यांना लालबागला घरी आणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. खपली खरवडून तपासली, तेव्हा बुरशीच्या तपकिरी गोल पेशी दिसल्या. रोगाचे नाव क्रोमोब्लास्टोमायकोसिस. माती आणि कुजक्या लाकडातली बुरशी जखमेवाटे कातडीत शिरते. अनवाणी राबणाऱ्यांचा हा रोग जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली उपेक्षित रोगांच्या यादीत घेतला.

काकांना इट्राकोनॅझोलच्या गोळ्या अनेक महिने दिल्या. जोडीला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन गाठीवर फवारला. काही आठवड्यांच्या अंतराने अशा बैठका झाल्या. फोड आले, खपली पडली, पांढरा डाग राहिला. पण काका पुन्हा चालू लागले.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. प्रयोगशाळेत बुरशीचे नमुने याच द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे जिवंत जपतात! म्हणजे नुसत्या थंडीने बुरशी मरेलच असे नाही. गोठण्याने रोगट मांस मरून गळते आणि त्याबरोबर बुरशी जाते. म्हणून हा उपाय लहान गाठींना अधिक लागू पडतो आणि गोळ्या चुकवून चालत नाही. घरी बर्फ चोळण्याने काहीच साधत नाही, उलट कातडी मात्र पोळते.

आपल्या चाळींतून दिसणारा नायटा, गजकर्ण हा वेगळा रोग. त्याला हा उपचार नाही. त्यावर दुकानातून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणतो, चार दिवस खाज थांबते आणि बुरशी आतून फोफावते. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, हे नाव २०२० साली मिळालेली बुरशी तर नेहमीच्या टर्बिनाफिनलाही अनेकदा दाद देत नाही.

तेव्हा टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात वाळवा, घरातल्या सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार करा. गावाकडच्या माणसांना चपला घालायला सांगा. आणि मुख्य म्हणजे, लाजून अंग झाकू नका. वेळीच डॉक्टरांना दाखवा. आमच्या काकांची वर्षे लाजेतच गेली.