दोष दाखवणाऱ्याचा धर्म



होमिओपॅथीच्या डॉक्टरने संगणकावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. पण हा विषय माझ्याकडे दवाखान्यातूनच आला. आपल्या सीमाभागातल्या घराघरांतली मुले पुण्याला, बेंगळुरूला संगणकाच्या नोकरीसाठी गेली आहेत. त्यातला एखादा सांगतो, "मी एथिकल हॅकर होणार," आणि आई-वडील दचकतात. हॅकर म्हणजे चोर, हे त्यांना ठाऊक असते. नाडी दाखवता दाखवता मला विचारतात, "डॉक्टर, चोराच्या मागे 'एथिकल' लावले की तो साव होतो का?" या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या कामातून देण्याचा प्रयत्न करतो.

डॅन कमिन्स्की हा १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला अमेरिकन. अकरा वर्षांचा असताना तो लष्कराच्या संगणकांत डोकावत होता. तक्रारीचा फोन घरी आला, इंटरनेट तोडण्याची धमकी मिळाली. आई म्हणाली, तोडा. मग मी वर्तमानपत्रात जाहिरात देते, की तुमची सुरक्षा अकरा वर्षांच्या पोराला भेदता येते. शेवटी तडजोड झाली : मुलाला तीन दिवस इंटरनेट बंद. मुलाची बाजूही घेतली आणि शिक्षाही होऊ दिली, त्या माउलीचे मला कौतुक वाटते.

पुढे २००८ साली त्याला जे सापडले, ते समजण्यासाठी आपण आपल्या जुन्या टेलिफोनकडे जाऊ. १९७ फिरवून नाव सांगितले की पलीकडून नंबर मिळे. इंटरनेटवरही नावावरून नंबर सांगणारी अशीच व्यवस्था आहे. तिला डीएनएस म्हणतात. आपण बँकेचे नाव टाइप करतो, ती व्यवस्था खरा आकडी पत्ता शोधून देते. हा पत्ता विचारताना प्रश्नासोबत एक टोकन नंबर जातो आणि तोच नंबर घेऊन आलेले उत्तर खरे मानले जाते. असे नंबर एकूण ६५,५३६. एखाद्या लबाडाने अंदाजाने खोटे उत्तर पाठवले आणि ते चुकले, तर खरे उत्तर येऊन साठवले जाई. मग बराच वेळ पुन्हा प्रश्नच विचारला जात नसे. म्हणून सगळे निर्धास्त होते.

कमिन्स्कीच्या लक्षात आले, की अस्तित्वातच नसलेली नावे एकामागून एक विचारत राहिले, तर दर वेळी नवा प्रश्न आणि दर वेळी नवी संधी. एकदा अंदाज जुळला, की त्या खोट्या उत्तराला चिठ्ठी जोडता येते : 'या बँकेचे सगळे पत्ते यापुढे माझ्याकडे विचारा.' हे काही सेकंदांत साधत होते. दोष एका कंपनीच्या मालात नव्हता, मूळ रचनेतच होता. बँका, ई-मेल, सगळेच उघड्यावर होते.

या माहितीला चोरबाजारात काय मोल आले असते, याची कल्पना करा. त्याने डीएनएसचे जाणकार पॉल व्हिक्सी यांना फोन केला. ३१ मार्च २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा तज्ज्ञ गुपचूप जमले. एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्यांनी मिळून उपाय तयार केला : टोकनसोबत उत्तर येण्याचे दारही दर वेळी बदलायचे, म्हणजे अंदाज हजारो पटींनी अवघड होतो. ८ जुलैला सर्वांनी एकाच दिवशी ही दुरुस्ती बाहेर आणली. काही जाणकारांनी शंका घेतली, 'यात नवीन काय?' त्यांना त्याने फोनवर सारे समजावले आणि त्यांनी आपली शंका जाहीरपणे मागे घेतली. लोकांना दुरुस्ती बसवायला महिनाभर मिळावा, म्हणून तपशील ऑगस्टपर्यंत झाकून ठेवायचा होता. तो तेरा दिवसांतच फुटला. तरी तोवर कितीतरी ठिकाणी दुरुस्ती पोचली होती.

डॉक्टर म्हणून मला यात ओळखीचे आचरण दिसते. निदान आधी रोग्याला सांगायचे, गावाला नव्हे; आणि रोग्याने ऐकले नाही, म्हणून चावडीवर ओरडायचे नाही. पण सांगायचे मात्र नक्की. दोष पाहून गप्प बसणे हा काही सज्जनपणा नव्हे.

आता पोटापाण्याचे. गूगलने २०१० पासून आणि फेसबुकने २०११ पासून दोष कळवणाऱ्यांना बक्षीस देणे सुरू केले. २०१६ साली बेंगळुरूच्या आनंद प्रकाश या तरुणाला दिसले, की फेसबुकच्या चाचणीच्या साइटवर पासवर्ड बदलण्याचा सहा आकडी कोड कितीही वेळा चुकवता येतो, कोणी अडवत नाही. म्हणजे कोणाचेही खाते उघडता येईल. त्याने हे करून पाहिले ते स्वतःच्या खात्यावर, आणि कळवून टाकले. दुसऱ्या दिवशी दोष दुरुस्त झाला. त्याला १५,००० डॉलर मिळाले. यातले 'स्वतःच्या खात्यावर' हे शब्द तेवढे आपण लक्षात ठेवावेत.

कारण आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमे आहेत. मालकाच्या परवानगीवाचून, अप्रामाणिक हेतूने संगणकात शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'माझा हेतू चांगला होता' हे कोर्टात सिद्ध करत बसावे लागते. आमच्या जैन घरांत अचौर्य व्रत शिकवतात, त्याचा अर्थ न दिलेले न घेणे. परवानगी हेच ते देणे. म्हणून मुलाला तीन गोष्टी सांगा. ज्या कंपनीने तपासायला बोलावले आहे, तिचेच दार तपास. दोष आहे हे दाखवण्यापुरतेच आत जा, कोणाची माहिती उतरवून घेऊ नको. आणि कंपनी ऐकत नसेल, तर सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा सूचना स्वीकारते, तिकडे कळव. पैशासाठी धमकी दिली, की तू दुसऱ्या पंगतीत बसलास.

कमिन्स्की २०२१ च्या एप्रिलमध्ये वारला, अवघा बेचाळीस वर्षांचा. कारण डायबेटिक कीटोअॅसिडोसिस. इन्सुलिन अपुरे पडले, की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणे. मधुमेह असलेल्याला असे झाले, तर माझ्याकडे किंवा कोणत्याही दवाखान्यात वेळ घालवू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. रात्र रात्र पडद्यासमोर बसणाऱ्या मुलांना जेवण, झोप आणि साखरेची तपासणी यांची आठवण घरच्यांनीच करून द्यायची असते.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी या वाटेने निघाली, तर अडवू नका. "परवानगी कोणाची घेतलीस?" एवढे मात्र दर वेळी विचारा.