चष्म्यांतला कॅमेरा आणि वाटीभर वीज

इंग्लंडमधील केंब्रिज येथें मायक्रोसॉफ्टच्या संशोधनसंस्थेंत १९९९ सालीं लिंडसे विल्यम्स या संशोधिकेनें गळ्यांत अडकविण्याच्या एका लहानशा कॅमेऱ्याची कल्पना मांडली. पुढें त्याला ‘सेन्सकॅम’ असें नांव मिळालें. कळ दाबण्याची त्याला गरज नसे. उजेड बदलला, समोर माणूस आला किंवा अंगाची हालचाल झाली कीं तो आपण होऊन चित्र टिपी. कांहींच घडलें नाहीं तरी सुमारें अर्ध्या मिनिटानें एक चित्र घेई. तेथल्याच ॲडनब्रुक्स रुग्णालयाच्या तज्ज्ञांनीं मेंदूच्या आजारानें स्मृति गमावलेल्या एका स्त्रीला तो वापरावयास दिला. महत्त्वाच्या प्रसंगीं ती तो गळ्यांत घाली आणि मग दर दोन दिवसांनीं पतीसमवेत तीं चित्रें पाही. एरवी थोड्याच दिवसांत समूळ पुसून जाणारे प्रसंग तिला पुढें कित्येक आठवड्यांनंतरहि सांगतां येऊं लागले, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत नमूद आहे.

या सेन्सकॅमचा एक गुण सहसा कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. तो मुका होता. टिपलेलीं चित्रें तो पोटांत सांठवी, आणि गळ्यांतून काढून तारेनें संगणकाला जोडला म्हणजे मगच तीं बाहेर येत. बिनतारी बोलण्याचें साधनच त्याच्या ठिकाणीं नसल्यामुळें त्याची लहानशी बॅटरी दिवसभराच्या कामाला पुरे.

आजचे अंगावर बाळगावयाचे कॅमेरे असे मुके राहिलेले नाहींत. टिपलें कीं फोनला सांगितलें, ही त्यांची रीत. आणि कांहीं माणसांना ही रीत केवळ हौशीखातर हवी असते असेंहि नाहीं. डेन्मार्कमध्यें स्वतः अधू दृष्टीचे असलेले हान्स यर्गेन वीबर्ग यांनीं २०१५ सालीं ‘बी माय आइज’ ही सेवा सुरू केली. दृष्टिहीन माणसानें फोनचा कॅमेरा समोर धरावा, दूर कोठें तरी बसलेल्या डोळस स्वयंसेवकानें तें दृश्य पाहून पाकिटावर काय लिहिलें आहे, दार कोणत्या बाजूस आहे तें सांगावें, अशी ती योजना. पण एका हातांत काठी आणि दुसऱ्या हातांत फोन धरल्यावर पिशवी कोणत्या हातांत धरावयाची? म्हणून २०२४ सालीं ही सेवा मेटा कंपनीच्या कॅमेरा बसविलेल्या चष्म्याशीं जोडण्याची योजना जाहीर झाली, तेव्हां तिचें मोल दृष्टिहीनांना लगेच कळलें. हात मोकळे झाले. परंतु रस्ता अर्धा ओलांडला असतांना चष्म्यांतील वीज संपली तर डोळस माणसाची जी गैरसोय होते, तीच या माणसाच्या बाबतींत संकट ठरते.

ही वीज असते तरी किती? २०२३ सालीं विक्रीस आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्यांतील बॅटरी १५४ मिलिअँपिअर-तासांची आहे. आजच्या पुष्कळशा फोनांत ती ४,००० ते ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते. फोन म्हणजे घागर, तर चष्मा म्हणजे वाटी. वाटी मोठी करावी म्हटलें तर तीहि सोय नाहीं, कारण सगळ्या चष्म्याचें वजनच ५० ग्रॅमांच्या आसपास ठेवावें लागतें. त्याहून जड वस्तु नाकावर आणि कानांवर दिवसभर कोण वागवील? शिवाय खर्च होणारी जवळजवळ सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते, आणि ती पडते कानशिलालगत. तेव्हां काटकसरीखेरीज दुसरा मार्ग उरत नाहीं.

दृश्य टिपणें, तें दाबून लहान करणें आणि तें फोनकडे धाडणें, अशीं कॅमेऱ्याचीं तीन मुख्य कामें. येथें विचार करावयाचा तो तिसऱ्याचा. बिनतारी यंत्राला बोलण्यासाठीं वीज लागते हें कोणालाहि पटतें. ऐकण्यासाठींहि लागते हें मात्र चटकन् ध्यानांत येत नाहीं. हवेंतून येणारी क्षीण लहर पकडावी, तिला बळ द्यावें, गोंगाटांतून अर्थ निवडावा, यासाठीं ग्रहणयंत्राचा प्रत्येक भाग जागा असावा लागतो. थोड्या अंतराच्या या यंत्रांत तर ऐकण्याचा खर्च बोलण्याच्या खर्चाच्या बरोबरीनें येतो. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, कोणीहि बोलत नसतांना नुसता कान टवकारून बसण्याचा खर्चहि तितकाच. गांवांत वीज येण्यापूर्वीं ज्यांच्या घरीं बॅटरीवरचा रेडिओ असे, त्यांना हें वेगळें सांगावयास नको. बातम्या संपल्या कीं घरांतील वडील माणूस प्रथम उठून यंत्र बंद करी.

नोकिया कंपनीनें २००६ सालीं जगापुढें मांडलेली आणि २०१० सालीं ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तींत सामावलेली कमी विजेची पद्धति याच अनुभवावर उभी आहे. दूधवाला रोज सहाला येतो हें ठाऊक असलें म्हणजे गृहिणी दिवसभर दारांत उभी राहत नाहीं. सहाच्या सुमारास दार उघडते, दूध घेते, दार लावते. कॅमेरा आणि फोन यांनींहि आपसांत अशाच वेळा ठरवावयाच्या. दोन भेटींमधील अंतर साडेसात सहस्रांश सेकंदापासून चार सेकंदांपर्यंत कितीहि ठेवतां येतें, आणि मधला सारा वेळ दोघांचींहि बिनतारी यंत्रें निजतात. दोघांचीं घड्याळें किंचित् मागें-पुढें धांवतात, म्हणून ऐकणाराला ठरल्या वेळेच्या जरासें आधीं दारापाशीं जावें लागतें, एवढाच काय तो अपव्यय.

या नियमांत एक पक्षपात मुद्दाम ठेवलेला आहे, आणि तो मोठा शहाणपणाचा आहे. सांगण्यासारखें कांहीं नसेल तर लहान यंत्रानें ठरलेल्या कित्येक भेटी खुशाल चुकवाव्या. मोठ्या यंत्रानें मात्र प्रत्येक भेटीस हजर राहिलें पाहिजे. वाटीचा भार घागरीवर टाकण्याची ही सोय आहे.

मग सारें काम ब्लूटूथवरच कां सोपवूं नये? कारण त्याचा मार्ग अरुंद आहे. येथें थोडें गणित करावें लागेल; आंकडे हिशेबाच्या सोयीसाठीं धरलेले आहेत. समजा, एक चित्र २४ दशलक्ष बिटांचें आहे. ब्लूटूथवरून प्रत्यक्षांत सेकंदाला ०·७ दशलक्ष बिट जात असतील तर त्याला सुमारें ३४ सेकंद लागतील. वाय-फायवरून ४८ दशलक्ष जात असतील तर अर्धा सेकंद पुरेल. वाय-फायला दर सेकंदास वीसपट वीज लागते असें धरलें, आणि ब्लूटूथच्या एका सेकंदाच्या खर्चाला एक माप म्हटलें, तर एका चित्राला ब्लूटूथचीं ३४ मापें आणि वाय-फायचीं अवघीं १० मापें होतात. म्हणजे ज्याला उधळ्या म्हणावें तोच स्वस्त! परंतु वाय-फाय जागें करणें, दोन यंत्रांची ओळख पटविणें, मार्ग सुरू करणें यांत तीन सेकंद गेले तर ६० मापें आधींच खर्चीं पडतात. म्हणून एकच चित्र असेल तर ७० विरुद्ध ३४, येथें ब्लूटूथ जिंकतें. वीस चित्रें सांठवून एकदम धाडलीं तर २६० विरुद्ध ६८०, आणि वाय-फाय फार पुढें निघून जातें. एका भाजीसाठीं टांगा करूं नये. आठवड्याचा बाजार आणावयाचा असेल तर मात्र पायीं फेऱ्या घालण्यांत शहाणपण नाहीं.

मात्र बाजार झाल्यावर टांगा दारांत उभा ठेवला तर सारीच काटकसर पाण्यांत जाते. पुष्कळ कॅमेऱ्यांत वाय-फायचें केंद्र स्वतः कॅमेराच बनतो आणि फोन त्याचा पाहुणा होतो. डोंगरावर किंवा समुद्रकांठीं तिसरें केंद्र कोठून आणावयाचें, ही त्यामागची खरी अडचण आहे. पण वाय-फायच्या मूळ नियमांत विश्रांतीची सवलत पाहुण्याला आहे, यजमानाला नाहीं. यजमानानें साधारणपणें दर १०२·४ सहस्रांश सेकंदांनीं ‘येथें आहें’ अशी हांक दिली पाहिजे, आणि मधल्या वेळांत कोण येतो जातो तें ऐकतहि राहिलें पाहिजे. हिशेब केला तर तासाला ३५,००० हून अधिक हांका भरतात. ब्लूटूथच्या रचनाकारांनीं जो भार विचारपूर्वक मोठ्या यंत्रावर ठेवला, तोच येथें लहान यंत्राच्या डोक्यावर येऊन बसतो. फोनवरील ॲप उघडें टाकून माणूस चहाला गेला कीं कॅमेरा रिकाम्या खोलींत हांका मारीत बसतो.

यावरचा उपाय दोन्ही मार्गांची कामें वाटून देणें हा आहे. ब्लूटूथ हा दारावरचा पहारेकरी. त्यानें अर्धवट झोपेंत राहून फोनचा निरोप तेवढा घ्यावा. मोठें ओझें न्यावयाचें असेल तेव्हांच त्यानें वाय-फायचा दरवाजा उघडावा, आणि काम संपतांच लावून घ्यावा. गोप्रो कंपनीनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ओपन गोप्रो’ नियमावलींत हाच क्रम आढळतो: कॅमेरा ब्लूटूथनें जागा करावयाचा, वाय-फाय उघडण्याची आज्ञाहि त्याच मार्गानें द्यावयाची, आणि मग चित्रें उतरून घ्यावयाचीं. त्याच कंपनीच्या २०१६ सालच्या पांचव्या हीरो कॅमेऱ्यांत आणखी एक सोय होती. घरीं येऊन तो विजेला जोडला म्हणजे तेव्हां कुठें चित्रें आपोआप वर धाडूं लागे. घागर शेजारीं आल्यावर वाटींतलें पाणी कां खर्चावें, हा त्यांतला साधा विचार.

याच जातीची एक लहानशी गोष्ट पाणबुड्यांच्या उपयोगाची आहे. ब्लूटूथ आणि वाय-फाय यांच्या सुमारें २·४ गिगाहर्ट्झच्या लहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत कांहीं सेंटिमीटरांपलीकडे टिकत नाहींत. बुडी मारल्यावर कॅमेऱ्यानें फोनला शोधीत राहणें हा निव्वळ वेडेपणा. बिनतारी विभाग कांठावरच बंद करावा. मनुष्याचें शरीरहि बव्हंशीं पाणीच. चष्मा डोक्यावर आणि फोन मागच्या खिशांत, अशा वेळीं मधलें सारें अंग या लहरी शोषून घेतें, शब्द हरवतात आणि तेच ते पुनः पुनः सांगावे लागतात. फोन पुढच्या खिशांत ठेवल्यानें जें साधतें तें साधण्यास कित्येकदां नव्या कॅमेऱ्याची जरुरी नसते.

दृष्टिहीन माणसाला मात्र सांठवून ठेवण्याची ही युक्ति उपयोगी नाहीं. समोर आलेल्या बसचा क्रमांक त्याला रात्रीं घरीं पोंचल्यावर कळून काय करावयाचें? त्यांतल्या त्यांत एवढें खरें कीं क्रमांक वाचण्यास एक चित्र पुरतें. त्यासाठीं सेकंदाला तीस चित्रांचा ओघ सोडण्याचें कारण नाहीं. पण रस्ता ओलांडतांना स्वयंसेवकाला चालतें दृश्यच हवें असतें, आणि तेथें वर सांगितलेल्या साऱ्या युक्त्या लंगड्या पडतात.

त्या ओघासाठीं चाललेल्या एका प्रयत्नाचें मूळ १९४५ सालच्या मॉस्कोंत सांपडतें. त्या वर्षींच्या ऑगस्टांत सोव्हिएत मुलांच्या वतीनें अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेची लांकडांत कोरलेली राजमुद्रा भेट देण्यांत आली. राजदूतांच्या निवासस्थानीं ती भिंतीवर राहिली, आणि १९५२ सालीं तिच्या पोटांत लपविलेलें हेरगिरीचें यंत्र उघडकीस आलें. ल्येव तेरेमिन यानें रचलेल्या या यंत्राला बॅटरी नव्हती, तारहि नव्हती. बाहेरून कोणी बिनतारी लहरींचा झोत टाकला कीं खोलींतील संभाषणाबरोबर थरथरणारा एक पातळ पडदा त्या परत फिरणाऱ्या लहरींवर आवाजाचा ठसा उमटवी. झोत थांबला कीं तें यंत्र म्हणजे धातूचा निर्जीव तुकडा. परावर्तित शक्तीनें संदेश पाठविण्याच्या या तत्त्वावर १९४८ सालीं हॅरी स्टॉकमन यांनीं शास्त्रीय निबंधहि लिहिला. आरसा हातांत असला म्हणजे दिवा नसतांनाहि सूर्याच्या उजेडावर दूरच्या टेकडीला खूण करतां येते, तसाच हा प्रकार.

सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत श्याम गोल्लकोटा, जोशुआ स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं हेंच तत्त्व अंगावरच्या कॅमेऱ्याला लावून दाखविलें. त्यांच्या रचनेंत कॅमेरा स्वतः लहर निर्माणच करीत नाहीं. प्रत्येक प्रकाशबिंदूचा कमी-अधिक विद्युद्दाब लहान-मोठ्या स्पंदांच्या रूपानें थेट अँटेनापर्यंत जातो, आणि अँटेना बाहेरून आलेली लहर त्या बेतानें परत फिरविते. दृश्याचे आंकडे करणें, ते दाबणें, लहर उत्पन्न करणें हीं खर्चाचीं कामें कॅमेऱ्याच्या गळ्यांतून उतरून फोनच्या गळ्यांत पडतात. प्रचलित पद्धतीहून हजार ते दहा हजार पटींनीं कमी वीज लागेल, असा संशोधकांचा अंदाज होता.

हें यश प्रयोगशाळेंतलें होतें, हें विसरतां कामा नये. ७२० ओळींचें दृश्य सेकंदाला १० चित्रें या वेगानें सुमारें चार मीटरांवर पोंचलें खरें, पण तें दृश्य भिंगांतून आलेलें नव्हतें. आधीं टिपलेल्या चित्रपटाचे विद्युद्दाब करून तें यंत्राला पुरविलें होतें. चार मीटर अंतर कमी वाटतें. तथापि चष्म्यापासून खिशांतल्या फोनपर्यंत एक मीटरसुद्धां भरत नाहीं, म्हणून अडचण अंतराची नसून नाकावर मावेल असा खरा कॅमेरा त्या अँटेनाशीं जोडण्याची आहे.

तोंपर्यंत चष्म्याची वाटी रिकामी झाली कीं तो त्याच्या डबींत ठेवून भरून घ्यावा लागतो. डबींत तेवढ्यासाठींच दुसरी, मोठी बॅटरी बसविलेली असते. दृष्टिहीन माणूस तेवढा वेळ बांकावर बसून राहतो, किंवा काठी टेकीत, वाटेंतल्या माणसाला विचारीत पुढें जातो.