कावळ्याचा काय दोष?

'आईला कावळा शिवला,' हे पाळीबद्दलचं उत्तर वाशीमच्या किती घरांत मुलांनी ऐकलं असेल! आणि मुलाचा आवाज फुटला, की सगळे हसतात. त्याच्या शंका मात्र मित्रांच्या कुजबुजीतच राहतात.

कावळा बिचारा निर्दोष. पाळी काय, फुटलेला आवाज काय, सुरुवात मेंदूत होते. त्याच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या इशाऱ्यावर बीजांडकोश आणि वृषण कामाला लागतात. मुलींमध्ये साधारण 8 ते 13, मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयात हे बदल सुरू होतात. म्हणजे पहिली पाळी येण्याआधी, झोपेत वीर्य जाण्याआधीच बोलायला हवं. आणि पाळीबद्दल मुलग्यांशीसुद्धा. 'मला मुलगी म्हणता, पण मला तसं वाटत नाही,' असं एखादं मूल म्हणालं, तर दटावू नका, ऐकून घ्या.

र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यात असं उघड बोलण्यापायी त्यांना खटले सोसावे लागले. आज रिसोड-मानोऱ्याकडच्या गावांत आरोग्यसेवेतल्या आशाताई दारापर्यंत येतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून 10 ते 19 वर्षांच्या सगळ्यांसाठी आहे. सरकारी रुग्णालयातल्या, किशोरांसाठीच्या मैत्री क्लिनिकची चौकशी आशाताईंकडेच करा. आणि हो, मुलांबरोबर कधी बाबांनीही जावं. दरवेळी आईच का?