गाडीवरचा घास



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, अर्थकारणावर बोलावे, फार तर परदेशप्रवासावर बोलावे, अशी आपली रूढी आहे. तेव्हा आजचा वक्ता हातगाडीवरच्या खाण्यावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल आणि काहींना भूक लागली असेल. दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. पण विषय गमतीचा नाही. आपल्यापैकी बहुतेकजण जो घास आवडीने खातो, ज्याच्या जोरावर पेण-रोह्यापासून मुंबईपर्यंत कितीतरी घरांतल्या चुली पेटतात, त्या घासाला उभे राहावयास आपण गावात जागा ठेवलेली नाही. हा प्रश्न पोटाचा आहे, तसाच न्यायाचाही आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. कारण आपल्या दारातली गोष्ट कधी कधी दुसऱ्याच्या दारात पाहिली म्हणजे नीट दिसते. अमेरिकेतील शहरांतून मोटारीत थाटलेली उपाहारगृहे फिरतात. त्यांना तिकडे फूड ट्रक म्हणतात. ह्या गाड्यांवर मिळणारा एक लोकप्रिय पदार्थ म्हणजे क्युबन सँडविच. २०१४ साली निघालेल्या ‘शेफ’ ह्या अमेरिकन चित्रपटाचा नायक अशाच गाडीतून हे सँडविच विकत मायामीहून लॉस एंजेलिसपर्यंत जातो; त्याचा हिंदी अवतारही २०१७ साली येऊन गेला. लांबट पाव मधोमध चिरावयाचा, त्यात मसाला लावून भाजलेले डुकराचे मांस, हॅम, चीज, आंबवलेली काकडी आणि मोहरीची चटणी भरावयाची, आणि तो दोन तापलेल्या तव्यांमध्ये दाबून चपटा व कुरकुरीत करावयाचा. पदार्थ एवढाच.

पण तो आला कोठून? तो एखाद्या शेठजीच्या मुदपाकखान्यात जन्मलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्युबातील चिरूट वळणारे कारागीर समुद्र ओलांडून फ्लॉरिडात आले. व्हिसेंते मार्टिनेझ इबोर नावाच्या कारखानदाराने १८८५-८६ च्या सुमारास टँपा गावाजवळ आपली वसाहत उभी केली. इबोर सिटी ह्या नावाने ती आजही ओळखली जाते. तेथे क्युबन आले, स्पॅनिश आले, सिसिलीचे इटालियन आले. दुपारच्या सुट्टीत हातात धरून खाता येईल, सांडणार नाही आणि संध्याकाळपर्यंत पोटाला आधार देईल, असा घास ह्या माणसांना हवा होता. तो घास म्हणजे हे सँडविच. टँपाचे लोक त्यात इटालियन पद्धतीची सलामी घालतात, मायामीचे घालीत नाहीत, आणि खरे सँडविच कोणाचे ह्यावर दोन्ही शहरांचा वाद चालतो. टँपाच्या नगरपालिकेने तर २०१२ साली ठराव करून आपल्या सँडविचला गावाचा मानाचा पदार्थ ठरविले!

ह्या चिरूट कामगारांची आणखी एक गोष्ट व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सांगितलीच पाहिजे. चिरूट वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. म्हणून हे कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक ठेवीत. तो उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रे, कादंबऱ्या वाचून दाखवी. १९३१ साली कारखानदारांनी ही प्रथा बंद पाडली. म्हणजे पोटाचा घास आणि बुद्धीचा घास, दोन्हींची सोय त्या कामगारांनी स्वतःच केली होती. अशा माणसांच्या खाण्याला हलके समजण्याचा अधिकार कोणाला आहे?

आता आपल्या दारात येऊ. क्युबन सँडविचचा आपल्याकडील सख्खा भाऊ कोणता, हे आपण केव्हाच ओळखले असेल. मुंबईत वडापावाची पहिली गाडी दादर स्थानकाबाहेर १९६६ साली श्री. अशोक वैद्य यांनी लावली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. वडा आधीही होता, पावही आधी होता. नवी होती ती त्यांची गाठ. ती गाठ बांधली गिरणीच्या भोंग्याने आणि लोकलच्या वेळापत्रकाने. पाळीवर निघालेल्या माणसाला बसून ताट वाढून घेण्याइतका वेळ नसतो. त्याला उभ्याउभ्या, एका हाताने, दोन मिनिटांत उरकेल असे गरम अन्न हवे असते. वडा नुसता खाल्ला तर हात भाजतो आणि पोट भरत नाही. पाव नुसता खाल्ला तर घशाखाली उतरत नाही. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली.

हे खाणारे कोण होते? त्यांतले पुष्कळसे आपलेच होते. लालबाग-परळच्या गिरण्यांत रत्नागिरीचा, साताऱ्याचा आणि तेव्हा कुलाबा म्हणविणाऱ्या आपल्या जिल्ह्याचा चाकरमानी राबत होता. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतल्या अनेकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी कढई आणि स्टोव्ह घेऊन गाडी लावली. काल जो खाणारा होता तो आज तळणारा झाला. वडापावाच्या गाडीचा इतिहास म्हणजे बेकार झालेल्या माणसाने भीक न मागता उभे राहण्याचा इतिहास आहे.

आणि ह्या गाड्या उभ्या राहतात कोठे? माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा येथे आहे. त्या वाटेल तेथे उभ्या राहत नाहीत. माणूस जेथे थांबतो तेथे त्या उभ्या राहतात. कर्जतचा वडा प्रसिद्ध का झाला? खंडाळ्याचा घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागत, म्हणून तेथे गाडी थांबे. थांबा प्रथम, वडा नंतर. दादरला दोन लोहमार्ग भेटतात, माणूस गाडी बदलतो, म्हणून तेथे वडा. रस्त्याचेही तसेच आहे. मुंबईहून गोव्याकडे निघालात, नागोठणे सोडले, वाकणचा फाटा मागे टाकला, सुकेळीची खिंड ओलांडली, की खांब लागते, पुढे कोलाड. खिंड उतरून आलेल्या चालकाला पाय मोकळे करावेसे वाटतात, गणपतीला निघालेल्या चाकरमान्याच्या मुलांना भूक लागलेली असते, धाटावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगाराला पाळीची घाई असते. खांब आणि थांब ह्यांत अंतर एका अक्षराचे! रस्त्याकाठच्या गावाची भाकरी त्या थांबण्यावर चालते.

येथे कोणी म्हणेल, “वडापाव हे आपले अन्न नव्हे. आपली तांदळाची भाकरी, आपले पोहे, थंडीतली आपली पोपटी ही खरी; पाव-बटाटा हे परक्यांचे.” वालाच्या शेंगांची, भांबुर्डीच्या पाल्यात शिजलेली पोपटी मलाही प्रिय आहे. पण पोपटीला शेत लागते, हंगाम लागतो, सवंगडी लागतात आणि अख्खी संध्याकाळ लागते. ते फुरसतीचे अन्न आहे. वडापाव हे घाईचे अन्न आहे. दोघांचे भांडण लावण्याचे कारण नाही. राहिला परकेपणाचा प्रश्न. पाव हा शब्द पोर्तुगीज. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांनीच आणला. आणि त्यांच्याही आधी तो कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांचा, रताळ्याचे नाव म्हणून. त्या लोकांची वस्ती क्युबातही होती. म्हणजे पाहा, क्युबाच्या बेटांवरला शब्द आपण रोज तोंडात घोळवितो! वड्यातली मिरचीदेखील अमेरिका खंडातूनच आली. पोर्तुगीज काही फार लांब नव्हते. आपली कुंडलिका कोलाड-रोह्यावरून वाहत जेथे सागराला मिळते, तेथे रेवदंड्याला ते १७४० पर्यंत ठाण मांडून होते, आणि समोरच्या कोर्लईत त्यांच्या भाषेपासून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. बेसन आपले, हळद आपली, मोहरीची फोडणी आपली. परक्याला घरात घेऊन त्याला आपल्या फोडणीत परतणे, ही कोकणच्या स्वयंपाकाची जुनी कला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. गाडीवरचे खाणे स्वच्छ नसते. तेल पुन्हा पुन्हा तापविले जाते, वडा वर्तमानपत्रात बांधला जातो, एकाच बादलीत दिवसभर हात आणि भांडी धुतली जातात. ह्यांतले पुष्कळ खरे आहे. छापील शाईचा कागद अन्नाला लावू नये असा नियम २०१९ पासून लागू आहे. जळक्या तेलात जमणाऱ्या घातक घटकांना २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे. हे नियम योग्य आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु मी आपल्याला विचारतो, ज्या माणसाला आज येथून आणि उद्या तेथून हाकलले जाते, त्याने नळ कोठे घ्यावा? सांडपाणी कोठे सोडावे? सायंकाळी गाडी उचलली जाईल ह्या धास्तीत वावरणारा माणूस उरलेले तेल फेकून देण्याची चैन कशी करील? स्वच्छतेला पाणी लागते, पाण्याला नळ लागतो आणि नळाला जागा लागते. आपण जागा नाकारतो, आणि मग अस्वच्छतेबद्दल त्यालाच दोष देतो.

हे काही माझे कल्पनारंजन नाही. सिंगापूरने हे करून दाखविले आहे. तेथे १९६८-६९ मध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंद झाली, आणि पुढल्या सतरा-अठरा वर्षांत त्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या जागी नेण्यात आले. अन्न तेच, माणसे तीच. बदलला तो ओटा. २०२० साली युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. पदपथावर व्यवसाय करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदानसिंग खटल्यात सांगितले. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. विक्रेत्यांची पाहणी करा, पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवू नका, नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असू द्या आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असू द्या, असे तो कायदा सांगतो. त्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी एक सुंदर कल्पना आहे. विकणारे आणि घेणारे जेथे पूर्वापार जमत आले, ती जागा कायद्याने ओळखावयाची. मी मघाशी ज्याला थांबा म्हटले तो हाच.

पण हा कायदा नगरांचा आहे. पेणला नगरपरिषद आहे, रोह्याला आहे, खांबला नाही. खांबच्या गाडीवाल्याच्या एका बाजूला ग्रामपंचायतीची हद्द आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय महामार्गाची जमीन. २००२ च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून त्या जमिनीवर बसणे म्हणजे अतिक्रमण. पनवेल ते इंदापूर रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. रस्ता रुंद व्हावयासच हवा. अरुंद रस्त्याने किती जीव घेतले हे आपल्याला कोणी सांगावयास नको. वेगाच्या रस्त्याकडेला कढई असू नये, हेही मला मान्य आहे. त्यात तळणाऱ्याचाच जीव आधी जाईल. पण रस्ता आखताना उड्डाणपूल आखतात, दुभाजक आखतात, टोलनाक्याची जागा आखतात; पाच गाड्या, एक नळ आणि एक शौचालय एवढ्यापुरती जागा मात्र आखीत नाहीत. दुभाजक आला की पलीकडचे गिऱ्हाईक पलीकडेच राहते. मग थांबण्याचे सुख उरते ते मोठ्या वाहनतळाच्या हॉटेलाला, ज्याच्यापाशी जमीन विकत घेण्याचे भांडवल आहे.

म्हणून माझ्या दोनच मागण्या आहेत. पेण आणि रोहे येथील नागरिकांनी आपापल्या नगरपरिषदेला विचारावे की, आपली पथविक्रेता समिती किती वेळा बसते, तिच्यात निवडलेले विक्रेते किती आणि त्यांत स्त्रिया किती? कारण गाडीवर पुरुष दिसत असला तरी भल्या पहाटे बटाटे उकडणारी बहुधा बाईच असते. आणि खांबसारख्या रस्त्याकाठच्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून महामार्गाच्या सेवारस्त्यालगत, वाहने सुरक्षित वळू शकतील अशा ठिकाणी, नळासह ओटे बांधावेत. बाजाराची व्यवस्था पाहणे हे ग्रामपंचायतीचे जुनेच काम आहे. थोडे भाडे आकारावे, तेल आणि पाणी ह्यांची तपासणी कडक ठेवावी. जागा दिल्यावर शिस्त मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. जागा न देता तो नाही.

टँपाच्या नगरपालिकेने कामगारांच्या सँडविचला मान दिला तो सव्वाशे वर्षांनी. तोपर्यंत चिरुटाचे बहुतेक कारखाने बंद पडले होते आणि ज्यांच्यासाठी तो घास जन्मला ती माणसे गेली होती. आपल्याकडे तळणारेही आहेत आणि खाणारेही आहेत. पुढे कधी तरी वडापावाचे स्मारक उभारण्यापेक्षा आज वडापाववाल्याला नळ द्यावा, हे स्वस्त पडेल आणि शोभूनही दिसेल. भाषण संपल्यावर आपल्यापैकी काहीजण कोपऱ्यावरच्या गाडीकडे वळतील. जरूर वळावे. फक्त चटणी जास्त मागण्याआधी त्याला एवढे विचारावे, “दादा, पाणी कोठून आणता?” त्याचे उत्तर ऐकले म्हणजे माझ्या भाषणाची गरज राहणार नाही.