बाबांनी आणलेला शाडूचा गोळा



आज प्रत्येकाने शाळेची एक आठवण सांगायची असं ठरलं आहे. माझी आठवण म्हणजे खरं तर एक कबुली आहे. बाई समोरच बसल्या आहेत, तेव्हा आता देऊनच टाकतो.

आपण सातवीत होतो. १९८८ ची दिवाळी. वर्गातली बरीच मुलं मे महिन्यात कुठे ना कुठे फिरून यायची. आमच्याकडे ते शक्यच नव्हतं. बाबा गणपतीच्या कारखान्यात कामाला होते. आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. उन्हाळा लागला की कारखान्यात कामाची घाई आणि घरी आईच्या पापडांची. पेणचं ऊन पापड वाळवायला असतं, फिरायला नसतं, असं आई म्हणायची. आमची सुट्टी म्हणजे रोह्याला मामाचं घर. रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ साली आली, तेव्हापासून पेण, कासू, नागोठणे, रोहा एवढाच आमचा भारताचा नकाशा.

त्या वर्षी मात्र कारखान्यातल्या आठ जणांनी भिशी लावली आणि भाऊबीज झाल्यावर ते सौराष्ट्रात गेले. द्वारका, सोमनाथ आणि येताना भावनगर. बाबांची ती पहिली सहल. पुढे दुसरी कधी झाली नाही, म्हणजे शेवटचीही तीच.

आम्ही रोह्यालाच होतो. दहाव्या दिवशी बाबा परस्पर तिथेच आले. हातपाय धुऊन ओटीवर बसले आणि पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागले. आजीला गोपीतलावाचं गोपीचंदन. आईला जामनगरची बांधणी. धाकट्या बहिणीला द्वारकेचा शंख. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड माझ्या हातात दिलं. मी घाईघाईने कागद फाडला. आत शाडूचा गोळा होता, नारळाएवढा.

सगळे हसले. मामा म्हणाला, "अहो भावोजी, माती तर तुमच्याकडे ट्रक भरून येते!" आईने विचारलं, "पैसे देऊन आणलीत?"

"नाही गं, मागून आणली," बाबा म्हणाले. "वीस वर्षं हात आहेत माझे तिच्यात. ती येते कुठून, ते बघायला नको?"

आपल्या पेणचे गणपती देशोदेशी जातात, पण शाडू काही पेणचा नाही. तो भावनगरकडून येतो. बाकीचे सात जण बाजारात खरेदी करत होते, तेव्हा बाबा विचारत विचारत जिथे माती काढतात तिथे गेले होते. तिथल्या माणसांनी त्यांनाच विचारलं, एवढी माती नेता, तिचं करता काय? त्यांनी पेणचा गणपती कधी बघितलेला नव्हता. बाबांनी तिथेच बसून माती भिजवली, चार बोटांएवढा गणपती केला, काडीने डोळे काढले आणि त्यांना देऊन आले. हे सगळं बाबा रात्री जेवताना रंगवून सांगत होते. मी ऐकत नव्हतो. मी रुसलो होतो.

शाळा सुरू झाली. बाई, तुम्ही सांगितलंत, सुट्टीत घरी आलेली एक वस्तू आणा आणि तिच्याविषयी बोला. कोणी म्हैसूरची चंदनाची पेटी आणली, कोणी सावंतवाडीची लाकडी फळं. त्यांच्यापुढे मातीचा गोळा कसा न्यायचा? मी बहिणीचा शंख उचलला. वर्गात सांगितलं, हा बाबांनी मला आणला. वाजवूनही दाखवला. तुम्ही म्हणालात, "छान! आणखी काय आणलं बाबांनी?" मी म्हणालो, "काही नाही."

गोळा मी पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकला होता. १९८९ चा जुलै आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. जांभूळपाड्यावर संकट आलं तो महिना. आमचं घर वाचलं, पण कौलं गळत होती. पाऊस उघडल्यावर डबा काढला तर आत नुसता चिखल. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. बाबांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं, आयती भिजली." त्या वर्षीचा आमच्या घरचा गणपती त्यांनी त्याच मातीचा केला. वीतभरच झाला. कारखान्याचं काम आटोपून रात्री अकरानंतर त्याची आखणी करायचे. दिवा मी धरायचो.

बाई, त्याच दिवसांत तुम्ही तुमची मूर्ती न्यायला कारखान्यात आला होतात. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही बाबांना म्हणालात, मुलाला शंख फार छान आणलात हो, वर्गात वाजवला त्याने. बाबा नुसतं "हो" म्हणाले.

मला हे कळलं ते विसर्जनाच्या दिवशी. दीड दिवसाचा गणपती भोगावतीत सोडून आम्ही रिकामा पाट घेऊन परत येत होतो. वाटेत बाबांनी विचारलं, "शंख चांगला वाजला का रे वर्गात?" मी मान खाली घातली. ते पुढे काहीच बोलले नाहीत. त्यानंतरही तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बांधणीची आईने शेवटी गोधडी शिवली. शंख बहिणीच्या देवघरात आहे, तिच्याकडे मी कबुली केव्हाच दिली. माझी वस्तू तेवढी कुठेच नाही. पण आता वाटतं, त्या पिशवीत बाबांना स्वतःला हवी होती अशी एकच वस्तू होती, आणि ती त्यांनी मला दिली. बाकी सगळ्या वस्तू बाजारातल्या होत्या.

तेव्हा बाई, सातवीतला तो तास माझ्याकडून राहून गेला होता. वस्तू दाखवता येत नाही, ती भोगावतीत गेली. तिच्याविषयी बोलायचं होतं, ते आज बोललो.