पंक्तीतील लहान पान

(वार्षिक संमेलनाच्या महिला सत्रात दिलेले भाषण)



मी आपल्यापुढे उभी आहे ती विदुषी म्हणून नव्हे, तर अडीच वर्षांच्या एका मुलीची आजी म्हणून. गतवर्षी माझ्या नातीस मधुमेह झाल्याचे निदान झाले. सततची तहान, वारंवार लघवी आणि उतरलेले वजन ही लक्षणे आम्ही उन्हाळ्यावर ढकलली होती. आपण तसे करू नये.

"एवढ्याशा पोरीला मधुमेह कसा?" असे पुष्कळजण विचारतात. या प्रकारात शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. आईने गोड फार भरविले म्हणून तो होत नाही आणि ते कोणाचे पूर्वपापही नव्हे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती जगतात, वाढतात. मात्र इन्सुलिनची मात्रा आणि ताटातील अन्न यांची सांगड घरच्यांना रोज घालावी लागते.

भात, पोळी, दूध व फळे यांतील पिष्ट आणि शर्करा मोजावी लागते. वीस ग्रॅम कणकेच्या फुलक्यात ती सुमारे १४ ग्रॅम, तर १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम असते. यासाठी लहान वजनकाटा आणि एक ठरलेली वाटी पुरते. भात बंद, पोळी बंद असा उपवास वाढत्या बालकास घातक होय. वरणभात, तूप, मुगाचे धिरडे, मऊ उसळ, दही हे घरचेच अन्न तिला हवे. तीन जेवणे व मध्ये दोन लहान खाणी असा क्रम असावा. दिवसभर हातात बिस्किट नको.

परंतु या वयाचे मूल हिशेब मानीत नाही. जेवणापूर्वी इन्सुलिन टोचावे आणि दोन घासांनंतर तिने तोंड फिरवावे! म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने काही वेळा आम्ही मात्रेचा थोडा भाग आधी व उरलेला, ती किती जेवली ते पाहून, नंतर देतो. बळेच भरवीत नाही. फुलका नको असल्यास मोजून दूध देतो.

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, मूल चिडचिडते किंवा मलूल होते. बारा किलो वजनाच्या मुलास अशा वेळी सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा उपयोगी नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ इस्पितळ गाठावे.

आता माझा अपराध सांगते. संक्रांतीला नात रडू लागली, तेव्हा सुनेची नजर चुकवून मी तिला गुळाची पोळी दिली. गूळ म्हणजे काही साखर नव्हे, अशी माझी समजूत! रात्री साखर ३०० च्या वर गेली. सून रात्रभर जागली. तिला कारणच उमगेना. पहाटे मी कबूल केले. ती एवढेच म्हणाली, "आई, द्यायची नव्हती असे नाही, मला सांगून द्यायची होती. मी तेवढे इन्सुलिन दिले असते."

भगिनींनो, आपल्या ज्ञातीत आग्रहाशिवाय पंगत उठत नाही, आणि त्या आग्रहामागील मायाही मी जाणते. तथापि अशा बालकाच्या हातावर काहीही ठेवण्यापूर्वी त्याच्या आईस विचारावे. त्याच्यादेखत "बिचारी" म्हणू नये. अमुक काढ्याने इन्सुलिन सुटते असे तर कदापि सांगू नये. ते सुटले तर प्राणावर बेतते. तसेच त्याचे पान वेगळे मांडू नये. जिलबीचा तुकडाही त्यास मिळावा. फक्त तो मोजलेला आणि सांगितलेला असावा.

आज दुपारच्या पंक्तीत माझी नात माझ्या शेजारीच बसणार आहे. तिला अवश्य वाढा. मात्र आधी तिच्या आईकडे पाहा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.