कारण न उमगलेली एक बालव्याधी



युगांडाच्या उत्तरेकडील किटगुम आणि पाडेर या जिल्ह्यांत, दक्षिण सुदानच्या पश्चिम इक्वेटोरिया प्रांतात आणि टांझानियातील महेंगेच्या डोंगराळ मुलखात, खळाळत्या नद्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या वस्त्यांमधून, तोवर निकोप वाढलेल्या आणि बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना एक विलक्षण व्याधी जडते. पुढ्यात अन्न आले किंवा हवेत गारठा आला, की मुलाची मान पुन्हापुन्हा छातीकडे झुकू लागते. पाहणारास ते पेंगणे वाटावे. परंतु मानेच्या स्नायूंतील त्राण क्षणमात्र हरपणारा तो अपस्माराचाच झटका होय, हे मेंदूच्या विद्युत्-आलेखांनी दाखवून दिले आहे. पुढे सर्वांगाला झटके येतात, बुद्धी मंदावते, वाढ खुंटते. आणि पुष्कळदा अन्नच झटक्यास निमित्त होत असल्यामुळे, मुळात अर्धपोटी असलेले मूल अधिकच कृश होत जाते. कित्येकांचा अंत चुलीच्या विस्तवात पडून किंवा पाण्यात बुडून होतो.

नॉर्वेत जन्मलेल्या डॉक्टर लुईझ यिलेक-ऑल यांनी १९६०च्या दशकात महेंगे येथे अपस्मारग्रस्तांवर उपचार करताना अशा मुलांची नोंद करून ठेवली होती; तथापि वैद्यकाच्या दफ्तरात ती नोंद दीर्घकाळ जवळजवळ बेदखल पडून राहिली. उत्तर युगांडात बंडखोरी माजली, सरकारी हुकुमाने रयत छावण्यांत कोंडली गेली आणि तेथे रुग्णांची संख्या डोळ्यांत भरू लागली, तेव्हा कोठे तपासास वेग आला. छावणीत वाटलेले धान्य, दारूगोळ्यातील रसायने, जीवनसत्त्वांची उणीव, गोवर, अशा एकेका संशयिताची चौकशी झाली; गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही.

संशय उरला तो काळ्या माशीच्या दंशाने शरीरात शिरणाऱ्या आणि एरवी मनुष्यास अंध करणाऱ्या ऑन्कोसर्का नामक कृमीवर. आपल्या तार्किकांनी कार्यकारणभाव ठरविण्यासाठी अन्वय, म्हणजे कारण असेल तेथे कार्य असणे, आणि व्यतिरेक, म्हणजे कारण नसेल तेथे कार्य नसणे, अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. पैकी अन्वय येथे लंगडा पडतो. रुग्ण मुलांत हा कृमी शेजारच्या निरोगी मुलांपेक्षा अधिक आढळतो हे खरे. परंतु कृमी आहे तेथे सर्वत्र ही व्याधी नाही, आणि रुग्णांच्या मेंदूत तो सापडत नाही. कृमीवर चालून जाणारी शरीराची प्रतिद्रव्येच मज्जापेशींतील लायोमोडिन या प्रथिनावर उलटत असावीत, असे अनुमान २०१७ मध्ये पुढे आले. पण ती प्रतिद्रव्ये काही निरोगी मुलांतही आढळली आणि सर्व रुग्णांत आढळली नाहीत. मृतांच्या मेंदूत टाऊ प्रथिनाचे साठे दिसले, तरी ते व्याधीचे मूळ की तिचे फळ, हा प्रश्न राहतोच.

व्यतिरेकाची कसोटी मात्र प्रयोगशाळेबाहेर, नदीच्या पात्रात लागली. युगांडाने २०१२च्या सुमारास नद्यांतील माशीच्या अळ्यांचा बंदोबस्त केला, आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक वर्षातून दोनदा वाटण्याची तजवीज केली, आणि त्यानंतर नवे रुग्ण जवळजवळ आढळेनासे झाले. याच सुमारास शांतता नांदू लागली होती, छावण्या मोडून लोक शेतीवाडीला परतले होते. तेव्हा हे श्रेय एकट्या कृमिनाशास देता येईल काय, असा आक्षेप चोखंदळ श्रोता घेईल, आणि तो रास्त आहे. परंतु दक्षिण सुदानातील मारिडी येथे, धरणाच्या सांडव्यावरील झाडोरा गावकऱ्यांकरवी वारंवार काढून माशीचे प्रजननस्थान उद्ध्वस्त केले आणि कृमिनाशकाचे वाटप नेटाने चालविले, तेव्हा तेथेही अपस्माराच्या नव्या रुग्णांचे प्रमाण घटले. याने कृमी हेच कारण असे निर्विवाद सिद्ध होत नाही. पण तो संशय बळावतो खास.

म्हणून, कारण कळल्याखेरीज काय करावे, असे म्हणत स्वस्थ बसणाऱ्या अंमलदारास माझे उत्तर असे, की करण्यातूनच येथे कळत गेले. झटके आवरणारी व्हॅल्प्रोएटसारखी औषधे व्याधीचे मूळ ठाऊक नसतानाही गुण देतात. ती खेड्यातल्या दवाखान्यात बारमाही मिळावीत, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. या मुलांची उपेक्षा कारणाच्या अज्ञानामुळे झाली, असे मानण्याचा आपला प्रघात आहे. वस्तुस्थिती बव्हंशी उलट असून, दूरच्या, दरिद्री आणि युद्धग्रस्त मुलखातील मुलांची उपेक्षा झाली म्हणूनच ते अज्ञान इतके दिवस टिकले.